आजीची चित्रं काढली की संपाचा अल्बम होतो म्हणे!

परळची_पोर
काल एका ग्रुपवर न्यूयॉर्कच्या ज्यू कुटुंबाच्या चित्रकथेवर पोस्ट वाचली नि डोकं सणकलं. झारच्या रशियातून पळून आलेले पणजी-पणजोबा, शिवणकामाचे कारखाने, युनियन, असं सगळं चित्रांत. त्यावर एक गृहस्थ लिहितात, 'कामगार चळवळ हा आकड्यांचा विषय आहे, आजीची चित्रं काढून फार तर फॅमिली अल्बम होतो.'

अहो, २२ नोव्हेंबर १९०९ ला न्यूयॉर्कमध्ये कूपर युनियनच्या हॉलमध्ये शिवणकामगारांची सभा होती. पुढारी भाषणांवर भाषणं ठोकत होते, अमेरिकेतले बडे कामगार पुढारी गॉम्पर्ससकट, पण संपाचं काही ठरेना. शेवटी क्लारा लेमलिच उठली, तेवीस वर्षांची पोर, कारखान्याच्या दारात निदर्शनं करताना गुंडांनी बरगड्या मोडलेल्या, आणि यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, म्हणाली की बोलणं पुरे, आता संप. मग सगळ्या हॉलने उजवा हात वर करून शपथ घेतली, गद्दारी केली तर हा हात झडो. वीस हजारांचा उठाव म्हणतात तो हाच. आता तो हात चित्रात काढायचा, की आकड्यांच्या तक्त्यात भरायचा?

कोरडा_हिशेब
ते गृहस्थ मीच. नाव घेऊन लिहायचं होतंत, मी काय खातो का?

हात काढा ना. पण कुटुंबकथेत आपलं घर मोठं दिसतं आणि शेजारचं गायब होतं. न्यूयॉर्कच्या ट्रँगल या शिवणकामाच्या कारखान्याचे मालक ब्लँक आणि हॅरिस कोण होते? तेही रशियाकडून आलेले ज्यूच. २५ मार्च १९११ ला आग लागली, नवव्या मजल्यावरचं दार कुलूपबंद, कारण पोरी कापड चोरतील म्हणून सुटताना पिशव्या तपासायच्या असायच्या. अग्निशमनची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचली. १४६ मेले. मालक त्याच डिसेंबरात निर्दोष सुटले, आणि १९१४ ला दिवाणी दाव्यात एका जिवामागे ७५ डॉलर देऊन मोकळे झाले. मेलेल्यांत कितीतरी इटालियन मुली होत्या, त्या तुमच्या आजीच्या गोष्टीत कुठायत?

जर्सीवाला_जावई
मी त्या इमारतीवरून बरेचदा जातो. आता तिथे युनिव्हर्सिटी आहे. दर २५ मार्चला लोक मेलेल्यांच्या जुन्या घरांसमोर फुटपाथवर खडूने नाव, वय, पत्ता लिहितात. एकदा एका दारासमोर वय वाचलं, सोळा. माझी मुलगी तेव्हा सोळाचीच होती. तिथून पुढे पाय उचलेना. आणि हो हिशेबराव, खडूवाले इटालियन नावंही लिहितात.

रेवदंडेकर
आगीचा तो दिवस शनिवार होता, हे कोणाच्या लक्षात आलं का? शब्बाथ, ज्यूंचा सुट्टीचा पवित्र वार! ज्याच्या घरी शुक्रवारी सांजेला दिवे लागतात त्याची पोर शनिवारी मशीनवर. आमच्याकडे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, शेजारी होते, लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. माझी आज्जी सांगायची, शुक्रवारी तेल आणायला विसरलं की रविवारपर्यंत भाजीला फोडणी नाही. कोकणातला तेली जे पाळू शकला ते न्यूयॉर्कच्या पोरीला परवडलं नाही.

आयटीतला_हमाल
शनिवारची गोष्ट काढलीच तर ऐका, आमच्याकडे ‘वीकेंड सपोर्ट’ म्हणतात त्याला. आणि तुम्ही १९११ वर रडताय. आपल्याला तर रविवारही साहेबाने दिला म्हणून मिळाला.

परळची_पोर
साहेबाने?? नारायण मेघाजी लोखंडे वाचा जरा! १८८४ पासून मिलमजुरांना एकत्र करत होते, तेव्हा कुठे १० जून १८९० ला रविवार मिळाला. सत्यशोधक माणूस, रविवार खंडोबाचा वार म्हणून तोच मागितला.

आयटीतला_हमाल
बरं बाई, खंडोबाने दिला. माझा रविवार तरी परत द्यायला सांगा त्याला.

कोरडा_हिशेब
विषय न्यूयॉर्कचा, पोचलात जेजुरीला. मुंबईतल्या कित्येक गिरण्या ससूनांच्या, म्हणजे बगदादी ज्यूंच्या, आणि आत राबणारे आमचे घाटावरचे, कोकणातले. ज्यू म्हटलं की कामगारांच्याच बाजूचा, हे चित्रकथेतच शोभतं.

परळची_पोर
असं म्हटलं कुणी? ब्लँकने १९१३ मध्ये पुन्हा दार कुलूपबंद ठेवलं, पकडला गेला, दंड झाला वीस डॉलर. कुलूप लावणारा ज्यू, आत अडकलेलीही ज्यू. मला तर चित्रकथेत तेच कुलूप बघायचंय. तुम्हाला चित्राचा इतका राग का, ते तरी सांगा.

कोरडा_हिशेब
कारण आमच्या घरात चित्र नाही. १८ जानेवारी १९८२, डॉक्टर सामंतांचा संप, अडीच लाखांवर माणसं, त्यात माझे वडील. पुढे वॉचमन झाले, आई पापड लाटायची. वडील त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. गिरणीचा पास डब्यात होता, आईने तो भंगारवाल्याला डब्यासकट दिला. मला फक्त आकडेच मिळाले, म्हणून मी आकड्यांचा. ज्यांच्या आज्या बोलल्या त्यांनी काढावीत चित्रं, आमची काय हरकत.

परळची_पोर
आधी सांगायचं ना. माझेही आजोबा त्याच संपात होते.

कोरडा_हिशेब
कुठल्या खात्यात?

परळची_पोर
साच्यात. विव्हिंग.

कोरडा_हिशेब
वडील स्पिनिंगला. साचेवाले आमच्यापेक्षा जास्त पगार घ्यायचे, तेवढं तरी काढा तुमच्या चित्रात.