गंटर्सव्हिल जलाशयात फेब्रुवारीत बास मासा कुठे शोधावा?

प्रश्न : नोकरीनिमित्त हंट्सव्हिलला आलो असून अलाबामातील गंटर्सव्हिल जलाशयावर गळ टाकण्याची इच्छा आहे. पाणी थंड असताना लार्जमाउथ बास (मोठ्या तोंडाचा, गोड्या पाण्यातला शिकारी मासा) कुठे मिळेल व आमिष कोणते वापरावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : टेनेसी नदीवर १९३९ साली पूर्ण झालेल्या धरणामागचा हा जलाशय सुमारे ६९,००० एकर पसरलेला आहे, त्यामुळे सर्वत्र भटकण्यापेक्षा जलाशयाचा ओढ्याकडे आत शिरलेला एकच फाटा निवडून, त्याच्या तोंडाशी जिथे उथळ भाग जुन्या ओढ्याच्या खोल पात्राला मिळतो, तिथल्या हायड्रिला आणि मिलफॉइल या पाणवनस्पतींच्या कडा धुंडाळाव्यात. लाल रंगाचे लिपलेस क्रँकबेट (तोंडाशी पाते नसलेले, माशाच्या आकाराचे कृत्रिम आमिष) गवतात अडकले की दांडीला झटका देऊन सोडवावे. पुष्कळदा मासा नेमका त्याच क्षणी झडप घालतो.

उत्तर २ : सहमत आहे. मात्र वारा जोराचा असल्यास लहान नाव मुख्य पात्रात नेऊ नये आणि अलाबामाचा मासेमारी परवाना आधीच काढावा.

उत्तर ३ : एक कळकळीची विनंती. या दिवसांत माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात. त्यांना ओल्या हातांनी, पोटाला आधार देऊन धरावे आणि छायाचित्र घेताच पाण्यात सोडावे.