ऑफिसचा कॉम्प्युटर परत बंद पडला (सोसायटी ग्रुप, नागपूर, मे महिन्यातला रविवार)

देशकर (खजिनदार): सर्वांना नमस्कार. एप्रिल-जूनची बिलं काऊन नाही निघाली म्हणून रोज चार फोन येऊन राहिले. एकदाच सांगतो. ऑफिसचा कॉम्प्युटर दहा मिनिटांत आपोआप बंद पडतो. काल पाच वेळा चालू केला. ३२ पैकी ११ फ्लॅटची एन्ट्री झाली, तीही दोनदा करून. मी हे काम फुकट करतो, हे लक्षात असू द्या.

वानखेडे भाऊ: ४५ डिग्रीत माणूस दहा मिनिट टिकत नाही, तो टिकला हेच खूप 😄

ठोंबरे काकू: आज टँकर येणार आहे का?

गावंडे काकाजी: सप्टेंबरच्या एजीएममध्ये मी नवीन कॉम्प्युटरचा विषय मांडला होता. मिनिट्समध्ये आहे. तीन कोटेशन आणून दिली होती. पुढे काय झालं ते कमिटीने सांगावे.

बोरकर (सेक्रेटरी): काकाजी, त्यानंतर लिफ्टचा खर्च निघाला. तुम्हाला माहीत आहे. सही तुमचीच होती.

अनिकेत सी-४०२: देशकर काका, बंद पडायच्या आधी स्लो होतो का? पंख्याचा आवाज वाढतो का?

देशकर (खजिनदार): पंखा म्हणजे पिठाची गिरणी. माउस अडकत अडकत चालते. मग फटकन काळा पडदा.

अनिकेत सी-४०२: मग बहुतेक प्रोसेसर, म्हणजे सीपीयू, तापतोय. शंभर डिग्रीजवळ गेला की तो आधी स्वतःच वेग कमी करतो, म्हणून स्लो. त्यानेही भागलं नाही की जळू नये म्हणून बंद होतो.

कदम मॅडम: कोणाला राग आला तरी चालेल, पण रात्री वॉचमन त्यावर पिक्चर पाहतो. मी स्वतः पाहिलं आहे.

वानखेडे भाऊ: मॅडम, रात्री दीड वाजता तुम्ही ऑफिसपाशी काय करत होत्या 😀

कदम मॅडम: माझ्या जागेवर कोणाची गाडी लागली ते बघायला आले होते. कोणाची होती ते सांगू का ग्रुपवर?

वानखेडे भाऊ: 🙏

अनिकेत सी-४०२: पिक्चर पाहून एवढा तापत नाही. काका, चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहा, बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीचा सेटिंगचा पडदा, उघडेल. त्यात हार्डवेअर मॉनिटर असतं. सीपीयू टेम्परेचर आणि सीपीयू फॅनचे आकडे पाठवा. विंडोज सुरूच करू नका.

देशकर (खजिनदार): टेम्परेचर ७१. फॅन २४०० च्या वर. आता ७८. अरे, काही न करता ८६ झालं.

गावंडे काकाजी: सप्टेंबरच्या एजीएममध्ये मी नवीन कॉम्प्युटरचा विषय मांडला होता. मिनिट्समध्ये आहे.

अनिकेत सी-४०२: मिनिटाला २४०० फेरे, म्हणजे पंखा ठीक आहे, गोची खाली आहे. बटण बंद करा, प्लगही काढा, बाजूचं झाकण उघडा. पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांचा गोल आहे ना, त्याला सांभाळून बोट लावा. चटका बसतो का?

बोरकर (सेक्रेटरी): देशकर साहेब, शॉक बसला तर जबाबदारी कोणाची?

देशकर (खजिनदार): तुमचीच, तुम्ही सेक्रेटरी आहात. चटका नाही अनिकेत. कोमट आहे. चहा थंड झाला की असतो ना, तसं.

अनिकेत सी-४०२: सापडलं. आत ८६ आणि वर कोमट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत, म्हणजे त्या पात्यांपर्यंत, पोचतच नाहीये. दोघांमधला संपर्क सुटलाय. पंखा कितीही बोंबलला तरी उपयोग नाही. हे शेवटचं कोणी उघडलं होतं?

देशकर (खजिनदार): दिवाळीत साफसफाईला मेकॅनिक आला होता. कोणाच्या ओळखीचा होता ते मी बोलत नाही.

बोरकर (सेक्रेटरी): ओळखीचा होता म्हणूनच अर्ध्या पैशात केलं. तेव्हा सगळ्यांनी अंगठे दाखवले होते 👍 वर जाऊन बघा.

कदम मॅडम: आमचा कूलर जुना आहे, ऑफिसला देऊ का? कॉम्प्युटरकडे तोंड करून ठेवा.

अनिकेत सी-४०२: नको नको. कूलरची ओली हवा आणि तुषार बोर्डावर गेले तर बिलं काय, सगळंच जाईल. मी पाचला येतो. कोणाकडे मऊ ब्रश आहे का? प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावायच्या थर्मल पेस्टची ट्यूब सीताबर्डीवरून आणतो.

वानखेडे भाऊ: पेस्टच लागते तर कोलगेट आहे घरी. दात पण चमकतील.

अनिकेत सी-४०२: भाऊ, टूथपेस्ट चार दिवसांत वाळून खडू होते. लोक करतात खरं, पण करू नये.

ठोंबरे काकू: टँकरचं कोणी सांगेल का?

गावंडे काकाजी: ट्यूबच्या खर्चाला मंजुरी कोणी दिली? सप्टेंबरच्या एजीएममध्ये मी

गावंडे काकाजी: चुकून अर्धं गेलं. सप्टेंबरच्या एजीएममध्ये मी नवीन कॉम्प्युटरचा विषय मांडला होता. १४ वर्षं जुन्या मशीनवर पैसे घालणे योग्य नाही.

देशकर (खजिनदार): ट्यूब साडेतीनशेची आहे काकाजी. तुमच्या सगळ्यात स्वस्त कोटेशनला शून्य किती होते ते आठवते ना?

(संध्याकाळ)

अनिकेत सी-४०२: झालं. तीन गोष्टी होत्या. पंखा आणि पात्यांच्या मध्ये धुळीची अक्षरशः गोधडी. पेस्ट वाळून पापडी. आणि मेन म्हणजे हीटसिंकच्या चार पिनांपैकी वरची डावी पिन मदरबोर्डातून, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डातून, आरपार गेलेलीच नव्हती. कॅबिनेट उभं, त्यामुळे मदरबोर्डही उभा. एक पिन सुटली की हीटसिंक स्वतःच्या वजनाने पुढे झुकतो, मध्ये फट पडते.

देशकर (खजिनदार): डोळ्यांनी पाहिलं. पोस्टकार्ड जाईल एवढी फट.

अनिकेत सी-४०२: काढताना पिनेचं डोकं बाणाच्या दिशेने फिरवतात. परत बसवण्याआधी ते उलटं फिरवून मूळ जागी आणावं लागतं, नाहीतर दाबली तरी लॉक होत नाही. तेवढंच मेकॅनिक विसरला होता. आता समोरासमोरच्या जोड्या दाबल्या, चारही टक् वाजल्या. जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली, नवी वाटाण्याएवढी लावली. धूळ झटकताना पंखा बोटाने धरून ठेवला, तो मोकळा गरगर फिरू देऊ नये.

बोरकर (सेक्रेटरी): चांगला मुलगा आहे. आता टेम्परेचर किती?

अनिकेत सी-४०२: नुसता चालू असताना ५३, टॅली आणि प्रिंटर चालू असताना ६७. ऑफिसच्या खोलीतच ४१ आहे. पंखा खोलीचीच हवा फेकतो, तो खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. डिसेंबरात हेच आकडे बरेच खाली असतील. आणि प्लीज, कॅबिनेट टेबलाच्या बंद खणात ठेवू नका. आपलीच गरम हवा परत आत ओढत होतं.

बोरकर (सेक्रेटरी): खणातून काढलं तर उंदीर जातील त्यात.

अनिकेत सी-४०२: टेबलावर ठेवलंय, भिंतीपासून वीतभर लांब. मागे देवाचा फोटो आणि उदबत्ती होती, ती दुसऱ्या भिंतीला नेली. तो धूर आणि राख पंख्यातच जात होती.

ठोंबरे काकू: फोटो कोणाला विचारून हलवला?

कदम मॅडम: पूर्वेच्या भिंतीला आहे ना, मग चालते काकू.

ठोंबरे काकू: तुम्हाला नाही विचारलं.

वानखेडे भाऊ: पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

गावंडे काकाजी: दुरुस्ती झाली चांगलं आहे. पण विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला, आणि ११ या मशीनवर बसत नाही. म्हणून सप्टेंबरच्या एजीएममध्ये मी नवीन कॉम्प्युटरचा विषय मांडला होता.

अनिकेत सी-४०२: हे मात्र काकाजींचं बरोबर आहे. बिलांचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतलाय, पण बँकेचं काम यावर करू नका.

गावंडे काकाजी: धन्यवाद. ग्रुपवर पहिल्यांदा कोणीतरी मान्य केलं.

देशकर (खजिनदार): दोन तास सलग चालला. ३२ ची ३२ बिलं तयार, पीडीएफ पाठवतो आहे. अनिकेत, ट्यूबचं पक्कं बिल दे, व्हाउचर करतो. कच्च्या पावतीवर ऑडिटर मागच्या वर्षी बोलला होता.

अनिकेत सी-४०२: काका, बिल देतो. पण माझ्या मेंटेनन्सच्या बिलात मागच्या तिमाहीचं व्याज लागलंय. २१ टक्क्यांनी. मी वेळेत भरले होते, स्क्रीनशॉट पाठवू का?

देशकर (खजिनदार): ती एन्ट्री कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा उडाली असेल. पुढच्या बिलात ॲडजस्ट करतो.

अनिकेत सी-४०२: पुढच्या म्हणजे सप्टेंबरच्या?

वानखेडे भाऊ: एजीएममध्ये विषय मांड भाऊ 😂

ठोंबरे काकू: टँकर??