मार्टिर : हुतात्मा, साक्षी की रक्तसाक्षी?

निंबोणी :
चार दिवस एका वाक्यावर अडले आहे. रोमन साम्राज्यातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांवरच्या मजकुराचा अनुवाद करतेय. इ. स. १७७ मध्ये ल्यों शहरात (आजच्या फ्रान्समध्ये) ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली, हाल झाले. मागे उरलेल्यांनी आशिया आणि फ्रिगिया या रोमन प्रदेशांतल्या (आजच्या तुर्कस्तानात) बांधवांना ग्रीकमध्ये पत्र लिहिलं. पुढे युसेबियस या ख्रिस्ती इतिहासकाराने ते आपल्या इतिहासात उतरवून घेतलं म्हणून आपल्याला वाचायला मिळतं. त्यात असं आहे की, अंगभर चटक्यांचे डाग असलेल्या, आखाड्यात श्वापदांपुढे टाकून परत आणलेल्या कैद्यांना कुणी 'मार्टिर' (इंग्रजीतला martyr) म्हटलं की ते रागवायचे. ते नाव ख्रिस्ताचं आणि गेलेल्यांचं, आम्ही फक्त कबूल करणारे, असं त्यांचं म्हणणं.

मी लिहिलं, "आम्हाला हुतात्मा म्हणू नका." आई मेथी निवडत ऐकत होती. म्हणाली, "अगं, पण ते जिवंत आहेत ना? मग त्यांना हुतात्मा म्हणेलच कोण?" झालं, वाक्य तिथेच बसलं. ग्रीकमध्ये मार्टिस म्हणजे साक्षीदार, म्हणून तिकडे ते चालतं. मराठीत काय करू?

शुद्धमराठी :
हुतात्माच ठेवा. सावरकरांनी रूढ केलेला मानतात तो शब्द, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर तर घराघरात गेला. इतका तेजस्वी शब्द हाताशी असताना दुसरा शोधायचा कशाला? शिवाय मार्टिर हा आपल्या 'मृ' धातूचाच भाऊ दिसतो. मृत, मर्त्य, मार्टिर.

मृगजळ :
'मृ'शी संबंध नाही हो. जोडायचाच तर अभ्यासक तो 'स्मृ'शी जोडतात, म्हणजे आठवून सांगणारा. त्यावरही एकमत नाही. मरणाचा अर्थ नंतर चिकटला. स्मिर्ना शहराचा बिशप पॉलिकार्प, त्याला जाळलं, साधारण इ. स. १५५ च्या सुमारास. त्याच्या मृत्यूचं जे वर्णन तिथल्या मंडळीने, म्हणजे चर्चने, लिहून पाठवलं, त्यात हा शब्द विश्वासासाठी मेलेला माणूस या अर्थाने पहिल्यांदा स्पष्ट दिसतो. म्हणजे निंबोणी, तुमचे ल्योंचे कैदी बोलताहेत तेव्हा शब्द नुकताच कूस बदलतोय. त्यांचा आग्रह त्यामुळेच आहे.

निंबोणी :
हुतात्म्याबद्दल माझी अडचण आणखी एक आहे. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. आणि ही माणसं मेली कशासाठी? अर्पण करायला नकार दिला म्हणून! इ. स. ११२ च्या आसपास रोमन सुभेदार प्लिनी त्याच्या बिथिनिया प्रांतातून सम्राट ट्राजानला कळवतो की सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप-मद्य वाहून ख्रिस्ताला शिव्या देणाऱ्यांना मी सोडलं. चिमूटभर धूप टाकला असता तर सुटले असते. त्यांना यज्ञातला शब्द लावताना माझा हात अडखळतो.

मृगजळ :
पण पॉलिकार्पच्या त्याच वर्णनात त्याला खांबाला बांधतात तेव्हा तो मोठ्या कळपातून निवडलेल्या, होमासाठी सिद्ध केलेल्या मेंढ्यासारखा दिसतो असं लिहिलंय. चिता पेटल्यावर भाकरी भाजल्यासारखा, धुपासारखा वास आला म्हणे. लिहिणाऱ्यांना आहुतीची उपमा परकी वाटली नव्हती. शुद्धमराठी यांची व्युत्पत्ती चुकली, पण शब्द अगदीच चुकीचा नाही.

जुना शिरस्तेदार :
चौतीस वर्षं कोर्टात काढली, म्हणून लिहितो. तुम्ही सगळे मरणाकडे बघताय, मला पिंजरा दिसतो. प्लिनी प्रत्येकाला तीन-तीनदा विचारायचा, तू ख्रिस्ती आहेस का? दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारताना शिक्षेची धमकी. हे न्यायासनापुढचं बोलणं आहे. उत्तर हीच साक्ष आणि उत्तर हाच गुन्हा. माझ्या डोळ्यांदेखत साक्षीदारांचे ओठ सुकलेले मी पाहिलेत, समोर गावचा बलदंड माणूस बसलेला असायचा. तरी एखादा बोलायचा. ताई, 'साक्षीदार'च लिहा.

पाऊलवाट :
काका, साक्षीदार फार कचेरीतला वाटतो आणि 'साक्षी' म्हटलं तर मला गीतेतला आठवतो, गतिर्भर्ता प्रभुः साक्षी. वेदान्तातला साक्षी कशातच गुंतत नाही, नुसता पाहतो. हे लोक तर पुरते गुंतलेले होते. 'शहीद' का नको? अरबीत त्याच्या मुळाशीही साक्ष आहे. सिरियाक ही जुनी भाषा वापरणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा 'साहदा'ही तसाच, साक्षीदार आणि मार्टिर दोन्ही.

शुद्धमराठी :
शहीद मराठीच्या लेखनात मुळीच नको. हुतात्मा असताना फारसीच्या वाटेने आलेला शब्द घेणं म्हणजे घरचं तूप सांडून शेजारी लोणी मागणं.

पाऊलवाट :
मग शिरस्तेदार काकांचं पदनामही बदलाल का? सरिश्तेदार कुठून आला? माझी आजी निरक्षर होती आणि 'शहीद झाला' सहज म्हणायची. तिची मराठी अशुद्ध होती हे मी मान्य करणार नाही.

गुलमोहर नगर :
आमच्या घरी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीतच वाचलं जातं. त्यातल्या प्रकटीकरण या पुस्तकात अंतिपाला मारलं जातं, तिथे 'साक्षी' हाच शब्द आहे आणि लहानपणापासून मला तो कधी अलिप्त वाटला नाही. निंबोणीताई, तुमच्या 'कबूल करणारे'ला मात्र माझा विरोध आहे. कबुली म्हटलं की चोर डोळ्यांपुढे येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात त्याच ग्रीक क्रियापदाला 'पत्करणे' आहे, जो कोणी माणसांसमोर मला पत्करील. आजी 'पत्करील'वर जरा थांबून वाचायची. "आम्ही साक्षी नव्हे, नुसते पत्करणारे", असं करून पाहा.

निंबोणी :
पत्करणारे! हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. फक्त वाचणाऱ्याला 'काय पत्करणारे' असा प्रश्न पडेल का?

वसईकर :
आमच्याकडे प्रवचनात 'रक्तसाक्षी' ऐकलाय. वसईचे गोन्सालो गार्सिया, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २६ जणांना क्रुसावर दिलं त्यांतले एक. त्यांच्याबद्दल बोलताना आजोबा हाच शब्द वापरायचे. त्यात साक्ष आहे आणि मरणही आहे. तुमचे कैदी "आम्ही अजून रक्तसाक्षी नाही" असं म्हणू शकतात, त्यात काही खटकत नाही.

मृगजळ :
पण मग ग्रीकमधली एकाच शब्दाची ओढाताण मराठीत दोन वेगळ्या शब्दांत सुटून जाते. ती ओढाताणच तर दाखवायची आहे ना?

जुना शिरस्तेदार :
आणि जे डगमगले त्यांना काय म्हणणार? आमच्याकडे साक्षीदार फितूर झाला म्हणतात.

मृगजळ :
लॅटिनमध्ये लाप्सी, म्हणजे घसरलेले. सम्राट डेसियसने २४९-५० मध्ये सगळ्यांना देवांना अर्पण करायचा हुकूम काढला. ज्यांनी केलं त्यांना अधिकाऱ्यासमोर दाखला मिळे. इजिप्तच्या वाळूत तसे चाळीसहून जास्त दाखले सापडलेत. मी अर्पण केलं, प्रसादाचं मांस चाखलं, असं त्यांवर लिहिलेलं आहे. काहींनी अर्पण न करताच पैसे देऊन दाखला मिळवला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याला या सगळ्यांचं काय करायचं हा मोठा प्रश्न पडला होता.

शुद्धमराठी :
यासाठी आपल्याकडे 'बाटगे' आहे.

वसईकर :
तो शब्द कृपया नको. माझ्या पूर्वजांसाठी तो वापरला गेलाय, शाळेत मीही ऐकलाय. धर्म सोडला म्हणून आणि धर्म सोडला नाही म्हणून, दोन्हीकडच्या माणसांना एकाच शिवीत घालू नका. 'फितूर'ही जड आहे. छळाला भिऊन चिमूटभर धूप टाकणारा माणूस शत्रूला मिळालेला नसतो.

शुद्धमराठी :
दुखवायचा हेतू नव्हता. शब्द मागे घेतो. 'ढळलेले' चालेल?

गुलमोहर नगर :
ढळलेले चांगला आहे. त्यात परत उभं राहता येतं.

निंबोणी :
ल्योंच्या पत्रात या लोकांसाठी वेगळीच उपमा आहे. पहिल्या चौकशीत दहाएक जण डगमगले, त्यांच्याबद्दल लिहिलंय की हे आईचे पडलेले गर्भ. आई म्हणजे मंडळी. पुढे त्यांतले बरेच जण पुन्हा उभे राहून 'होय, ख्रिस्ती' म्हणाले, तेव्हा आईला आपली मेलेली मुलं जिवंत परत मिळाली म्हणून आनंद झाला. 'गर्भपात' लिहिलं तर दवाखान्याचा कागद वाटतो. आईला विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडे पोट पडलं म्हणायचे." ते लिहून ठेवलंय. 'आम्हाला हुतात्मा म्हणू नका' हे वरचं वाक्य अजून तसंच आहे.