उजवीकडे कँटर बिघडतो, उडीपुढे घोडी थांबते: बिट बदलू का?

माळरान:
घोडी नऊ वर्षांची. वर्षभरापासून तिच्यावर शो जंपिंग शिकतेय. डावीकडे फिरताना सगळं सुरळीत. उजवीकडे कँटर (तीन ठोक्यांची मध्यम धाव) मागितला की पाचातून तीनदा चुकीचा लीड घेते, म्हणजे उजव्याऐवजी डावा पुढचा पाय पुढे टाकते, आणि डोकं वर टाकते. गेल्या महिन्यात 90 सेंटिमीटरच्या उडीपुढे दोनदा थांबली, याआधी असं कधीच केलं नव्हतं. कडक बिट (लगामाची तोंडातली कडी) लावायचा सल्ला मिळालाय. माझं मन तयार होत नाहीये. तिच्यावर काम करू की माझ्या बसण्यावर? अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.

जुनी रिकीब:
ताई, बिटला हात लावू नका. कधी न थांबणारी घोडी थांबायला लागली, तर आधी दुखणं शोधायचं. पशुवैद्यांकडून दात, पाठ आणि पाय तपासून घ्या, नालबंदालाही विचारा. रपेटीनंतर खोगीर उतरवलं की घामाचा ठसा बघा. दोन्ही बाजूंना सारखा ओला हवा. मध्येच कोरडा ठिपका दिसला तर तिथे खोगीर दाबत असेल. मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं हलका दाब देत मागे न्या. कातडी थरथरली, कान मागे गेले किंवा पाठ खाली दबली, तर त्या दिवशी जीन चढवू नका.

दुखणं नसेल तर स्वतःकडे वळा. माझा घोडाही उजवीकडे असाच अडायचा आणि दोन वर्षं मी त्यालाच हट्टी म्हणत राहिले. शेवटी कुणाकडून तरी मागून व्हिडिओ काढून घेतला. उजवीकडे वळताना माझी उजवी कंबर खचत होती आणि वजन डावीकडे घसरत होतं. उजव्या लीडचा कँटर डाव्या मागच्या पायापासून सुरू होतो. त्याच बाजूला मी ओझं टाकून बसले होते, तर तो बिचारा पाऊल उचलणार कसं? फार वाईट वाटलं मला त्या दिवशी.

कुणीतरी घोडीला लंजवर, म्हणजे लांब दोराने गोल फिरवत असताना तिच्यावर बसा, लगाम हातात न घेता, रिकिबी काढून. दहा-पंधरा मिनिटं पुरेत, मांड्या आवळायला लागल्या की थांबा. मांड बसली की हात आपोआप शांत होतात. मग 20 मीटरच्या वर्तुळात, ट्रॉट (दुडकी चाल) एकसारखा झाल्यावरच कँटर मागा: उजव्या बाजूला बसायचं, डावा पाय किंचित मागे. चुकीचा लीड घेतला तर ओरडा नको, ओढाताण नको. ट्रॉटवर या, लय जमू द्या, पुन्हा मागा.

दुडकी:
वरच्या सगळ्याला +1. व्हिडिओ तर नक्कीच.

उडीसाठी माझं सुचवणं: महिनाभर उंची विसरा. जमिनीवर 18 मीटर अंतराने दोन बांबू टाका आणि मधल्या ढांगा मोठ्याने मोजा. आधी पाच ढांगांत जा, मग चारांत. घोडी लगामाने नाही, तुमच्या बसण्याने ढांग लांब-आखूड करायला लागली की उडीपुढची घाई बरीच कमी होते.

आयाळ:
एक विचारू? थांबली तेव्हा तुमची नजर कुठे होती? मी बांबूकडे बघायचे, खांदे पुढे झुकायचे, आणि घोडा पाय उचलायच्या आतच माझं वजन त्याच्या पुढच्या पायांवर जायचं. पूर्वी स्वार उडीवर मागे रेलून बसत. 1900च्या सुमारास कॅप्रिली या इटालियन घोडदळ अधिकाऱ्याने पुढे झुकून घोड्याच्या हालचालीबरोबर जायची बैठक रूढ केली. पण ‘बरोबर’ म्हणजे त्याच्या आधी नव्हे! मी मानेवर एक पट्टा बांधला आणि उडीवर तो धरायला लागले. लगामाला हिसका बसायचा बंद झाला.

माळरान:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी घामाचा ठसा पाहिला. डाव्या खांद्यामागे तळहाताएवढा कोरडा भाग आहे, तिथे बोट टेकवलं तर मान वळवून माझ्याकडे बघितलं तिने. जीन काढून ठेवलंय. शनिवारी पशुवैद्य येताहेत, खोगीर बसवून देणाऱ्यांनाही त्याच दिवशी बोलावलंय. तोवर फक्त हाताने धरून चालवणार. ते काय म्हणतात ते इथेच कळवते.