गुढीपाडव्याच्या कुंड्या: गॅरेज कोण देतंय? (तातडीचं)

सुजाता (सजावट):
मंडळी, दिवाळीच्या कार्यक्रमानंतर कंद लावून भरलेल्या कुंड्या अजून शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या आहेत. केअरटेकर शनिवारपर्यंत उचला म्हणतोय. ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ, आणि मंगलताईंच्या निशिगंधाची ती भलीमोठी टेराकोटाची. गुरुवारी रात्री शिकागोत पारा २२ डिग्री फॅरेनहाइटवर, म्हणजे गोठणबिंदूच्याही खाली उतरेल असं दाखवतायत. गेल्या वर्षीसारखं ‘बघू या’ नको, प्लीज. गॅरेज कोण देतंय?

दिलीपकाका:
आमचं घ्या. भिंतींना इन्सुलेशन, हीटर, थर्मोस्टॅट ५५ वर. गाडी महिनाभर बाहेर लावली तर काही बिघडत नाही. झाडं कशी ऐटीत राहतील! विषय संपला.

अभय:
काका, मनापासून आभार, पण ५५ डिग्रीत ट्यूलिप फुलायचं नाही. त्याला ३५ ते ४८ डिग्रीची थंडी सलग १४-१६ आठवडे लागते. डॅफोडिलला थोडी कमी चालते, हायसिंथला आणखी कमी. उबेत ठेवलं तर पानं येतील, पण फूल येईल ते खुजं, किंवा येणारच नाही. पाडवा १९ मार्चला आहे. कुंड्या घरात आणल्यावर फुलायला साधारण तीन-चार आठवडे धरा, म्हणजे २१ फेब्रुवारीच्या आसपास बाहेर काढायच्या. ८ नोव्हेंबरला थंडीत गेल्या तर बरोबर १५ आठवडे मिळतात. म्हणून घाई.

दिलीपकाका:
मी या देशात आलो तेव्हा तू अंगणवाडीत असशील. माझा कढीपत्ता दर हिवाळ्यात त्याच गॅरेजात सुखरूप राहतो. जास्वंद पण. झाडाला ऊब चांगली, हे आजीला विचारा.

अभय:
काका, कढीपत्ता उष्ण मुलखातला. ट्यूलिपचं मूळ मध्य आशियाच्या डोंगरांत, तिथे बर्फाखाली झोपायची त्याला सवय आहे. दोघांना एकच नियम कसा लावणार?

वसंतकाका (शिकागोशेजारचं एव्हन्स्टन):
कशाला गॅरेज? बागेत खड्डा करा, कुंड्यांसकट जमिनीत पुरा, वर पेंढा नाहीतर पानगळ टाका. जमिनीतली मुळं गारठत नाहीत तितकी. कुंडीतल्या मातीला चारही बाजूंनी थंडी लागते, म्हणून कुंडीतलं झाड आपल्या झोनपेक्षा (हिवाळ्यातल्या थंडीनुसार आखलेला विभाग, आकडा लहान तितकी थंडी जास्त) दोन झोन जास्त थंडी सोसणारं असावं लागतं. शिकागो २०२३ च्या झोनच्या नकाशात बहुतेक सहा-ए आहे. होस्टा, पियोनी, सीडम यांना काही होत नाही, त्या चारच्याही खाली तग धरतात. मी दरवर्षी तसंच करतो.

सुजाता:
वसंतकाका, २१ फेब्रुवारीला गोठलेल्या जमिनीतून कुंड्या कशा उपसायच्या? पहारीने? आणि खारी?

वसंतकाका:
खारी डॅफोडिल खात नाहीत. ट्यूलिप खातात, तेही मिटक्या मारत. वर कोंबडीची जाळी टाका. आमच्याकडे एका खारीने जाळीखालून बोगदा काढून कुंडीतले सगळे कंद काढले आणि पायऱ्यांवर बसून सोलले. काचेआड मी चहा घेत होतो, ती माझ्याकडे बघत होती. भीती म्हणून नाही. उपसायचं मात्र खरं आहे, तेवढं तुम्ही बघा.

नीलिमा:
आमच्या तळघरात जुना फ्रीज रिकामाच असतो, ४० डिग्रीवर. लहान कुंड्या बसतील की. फक्त खालच्या दोन्ही ड्रॉवरमध्ये सफरचंदं आहेत, बागेतून आणलेली, गणपतीनंतरची.

अभय:
नीलिमा, सफरचंदं असतील तर कंद ठेवू नकोस. पिकणारी फळं इथिलीन सोडतात, त्याने आतली कळी जागीच मरते. वरून कंद ठणठणीत दिसतो. फेब्रुवारीत कळतं, तेव्हा काही उपाय नसतो.

नीलिमा:
मग सफरचंदं कुठे ठेवू? ती हळदीकुंकवाच्या शिऱ्यासाठी आहेत. अननस नेहमी कोण आणतं हे विचारणार होते त्या निमित्ताने.

प्राची:
शिऱ्यावरून आठवलं, दिवाळीला आणलेलं मोठं स्टीलचं पातेलं माझं आहे, तळाशी ‘प्रा. कु.’ कोरलेलं. ज्यांच्याकडे गेलंय त्यांनी फक्त सांगा.

मंगलताई:
निशिगंधाचं मी सांगते, कारण कंद माझ्या आईच्या दारचे आहेत, ट्यूलिपसारखे दुकानातले नव्हेत. त्याला गारठा अजिबात नको. पानं काळपट पडली की कापायची, माती झटकायची, आणि कागदात गुंडाळून ५५-६० डिग्रीत कोरडं ठेवायचं. ओलसर ठेवलं तर सडतं. टेराकोटाच्या त्या कुंडीत ओली माती तशीच राहिली तर कुंडीही जाईल. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं, मातीचं भांडं कुठवर धरणार? दिलीपभाऊजी, तुमची ५५ ची ऊब माझ्या निशिगंधाला अगदी योग्य. बघा, कामी आली.

दिलीपकाका:
वहिनी, आत्ता बोललात. निशिगंध आमच्याकडे. रोज वास घ्यायला येईन म्हणतो.

मंगलताई:
झोपलेल्या कंदाला वास नसतो भाऊजी. आणि रोज हात लावू नका.

विनय (सामान समिती):
इथे नम्रपणे सांगतो की माझं गॅरेज समितीच्या सामानासाठी आहे. मखर, समया, गालिचे, लेझीमचे बॉक्स. हीटर नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच बहुधा नजरा माझ्याकडे वळतायत. थर्माकोलच्या मखरावर कुंडीचं पाणी सांडलं तर पुढच्या सप्टेंबरला उत्तर मीच द्यायचं. सजावट आणि सामान या वेगळ्या समित्या आहेत.

सुजाता:
विनय, पाणी महिन्यातून एकदा, तेही माती कोरडी लागली तर आणि ऊन पडून बाहेर पारा ३२ च्या वर असेल तेव्हाच. झोपलेल्या कंदाला अंधार चालतो, खत अजिबात नको. तुझ्या गॅरेजची एक भिंत घराला लागून आहे ना? त्या बाजूला थंडी असते, पण कुंडी आरपार गोठत नाही. गोठली तर कंदाचा लगदा होतो. कुंड्या एकमेकींना खेटून, खाली प्लायवूड, बाजूने जुन्या गोधड्या. बाकी काही नको.

विनय:
थर्मामीटर कोण लावणार?

अभय:
मी आणतो. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त पारा नोंदवणारा.

विनय:
ठीक आहे. घराला लागून असलेली भिंत, लेझीमच्या बॉक्सपासून चार फूट लांब. कुंडीखाली बशी असलीच पाहिजे. उंदीर आले तर सजावट समितीने बघायचं. फेब्रुवारीच्या शेवटी सगळं बाहेर, एक दिवस उशीर नाही.

दिलीपकाका:
एवढ्या अटी घालण्यापेक्षा माझा हीटर बंद केला असता तर?

मंगलताई:
बंद करू नका! निशिगंध!

सुजाता:
शनिवारी सकाळी दहाला, शाळेच्या मागच्या दारी. व्हॅन कोणाची? टेराकोटाची कुंडी एकट्याने उचलू नका, त्यात पाऊस साचलाय. प्राची, पातेलं प्रसाद वाटणाऱ्यांकडे विचार, माझ्याकडे नाही.