डार्क साइड ऑफ द मून रेकॉर्डवर घ्यायचाय, कुठली प्रत घेऊ? (बजेट ३,०००)

मेघना_नाशिक
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाबांना पासष्ट पूर्ण होताहेत. त्यांना पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम रेकॉर्डवर द्यायचा आहे. ऐंशीच्या सुमारास इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर एका मित्राकडे ही रेकॉर्ड होती. बाबांनी ती कॅसेटवर उतरवून घेतली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एकाच बाजूला अख्खा अल्बम बसला होता. ती फीत तुटून वीस वर्षं झाली, पण कॅसेट अजून कपाटात आहे.

प्लेयर गेल्या दिवाळीत घेतलाय. साधा बेल्टवाला, प्रीअॅम्प (सुईचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) आतच आहे, सुई आली तीच. बजेट तीन हजार, अगदीच ताणलं तर साडेतीन. नवी घेऊ की जुनी? नव्यात २०१६ ची आणि पन्नास वर्षांनिमित्त निघालेली अशा दोन दिसतात. एक ‘रिडक्स’ म्हणून पण दिसतेय, ती जरा स्वस्त आहे. चालेल का?

तबकडीप्रेमी
स्पष्ट सांगतो, तीन हजारांत हा अल्बम घेऊच नका. माझ्याकडे ब्रिटनची १९७३ ची पहिली प्रत आहे. हार्वेस्ट कंपनी, क्रमांक एसएचव्हीएल ८०४, लेबलवर भरीव निळा त्रिकोण. त्रिकोण नुसत्या रेघेचा असेल तर ती नंतरची छपाई, हे लक्षात ठेवा. पोस्टर, स्टिकर सगळं जागच्या जागी. ३८ हजार मोजले आणि एक दिवसही पस्तावलो नाही. सुरुवातीची हृदयाची धडधड शांततेतून हळूहळू वर येते ना, ती तशी नव्या प्रतींत येत नाही. थोडं थांबा, पैसे साठवा, एकदाच काय ते घ्या.

कर्वेनगरकर
मेघनाताई, रिडक्स अजिबात घेऊ नका!! २०२३ मध्ये बँडमधल्या रॉजर वॉटर्सने बाकीच्यांना न घेता नव्याने रेकॉर्ड केलेला अल्बम आहे तो. गिल्मोरची गिटार नाही, मूळची गायिका क्लेअर टोरी, तिचा आवाज नाही, बराचसा भाग वॉटर्स खालच्या पट्टीत बोलतोच. मी घाईघाईत मागवला आणि मेहुण्याच्या वाढदिवसाला दिला. दहा मिनिटं झाली तरी तो बिचारा ‘टाइम’मधली घड्याळं कधी वाजतात याची वाट बघत बसला होता. वेगळं काम म्हणून ऐकायला माझी ना नाही, पण होस्टेलच्या आठवणीसाठी तो नव्हे.

बेल्ट_ड्राइव्ह
२०१६ ची घ्या, डोळे झाकून. मूळ अॅनालॉग टेपवरून जेम्स गथ्री, जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन या ध्वनितंत्रज्ञांनी केलेली आहे. १८० ग्रॅमची, सपाट, शांत. दुमडीचं पाकीट आणि पोस्टर मूळच्यासारखीच. मला ३,४०० ला पडली.

पण त्याआधी एक काम करा. काडतूस (सुई जिच्यात बसते ती डबी, कार्ट्रिज) नीट बसवलंय का ते बघा. या अल्बममध्ये त्याला फार महत्त्व आहे. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खोबण सरकते, लेबलजवळ पोचेपर्यंत ती २१ वर येते. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. आता पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं कुठलं? ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. टोरीबाई सगळ्यात वरच्या सुरात असतात तेव्हा सुई सगळ्यात अडचणीच्या जागी असते. सुई साधी गोल टोकाची असेल, काडतुसाचा कोन चुकला असेल, किंवा सुईवरचं वजन कमी ठेवलं असेल, तर तो आवाज फाटतो आणि लोक रेकॉर्डला दोष देतात. कोन तपासायचा कागद फुकट छापून मिळतो. छापताना आकार शंभर टक्केच ठेवा.

कर्वेनगरकर
+१. २०१६ चीच. रिडक्स नको.

अनघा_प
मी वेगळंच सांगते. सीडी घ्या. माझ्या सासऱ्यांना हौसेने प्लेयर घेऊन दिला, आता गुडघे दुखतात म्हणून दर वीस मिनिटांनी उठून बाजू बदलणं त्यांना होत नाही. शिवाय हा अल्बम सलग ऐकायचा आहे. तुमच्या बाबांनी आयुष्यभर कॅसेटवर तो न थांबता ऐकला. टोरीचा आवाज विरला की लगेच पुढच्या ‘मनी’ गाण्याच्या सुरुवातीची खणखणणारी नाणी, असंच त्यांच्या कानात बसलेलं असणार. रेकॉर्डवर तिथेच उठावं लागेल.

तबकडीप्रेमी
अनघाताई, त्या अल्बमची रचनाच दोन बाजूंची आहे. पहिली बाजू मृत्यूपाशी संपते, दुसरी पैशापासून सुरू होते. मधली ती शांतता सीडीने खाल्ली. मी तर मुद्दाम पाच मिनिटं थांबून मग बाजू बदलतो.

अनघा_प
तुमचे गुडघे चांगले आहेत म्हणून.

ऑरेंजसिटी
अल्बमबद्दल थोडं. तेव्हाच्या समीक्षकांनी याला पार झोडपलं होतं, लोकांनी मात्र डोक्यावर घेतलं. अमेरिकेच्या बिलबोर्ड या अल्बमच्या खपाच्या यादीत १९८८ पर्यंत एकूण ७४१ आठवडे होता! यातच सगळं आलं. बाबांची निवड एक नंबर.

रेडिंगकर
ऑरेंजसिटी, असहमत. याला झोडपलं नव्हतं, रोलिंग स्टोन या अमेरिकी नियतकालिकात लॉइड ग्रॉसमनने चांगलं लिहिलं होतं. नाकं मुरडली गेली ती १९७५ च्या ‘विश यू वेअर हिअर’ला. लोक या दोघांची नेहमी गल्लत करतात. १९७३ च्या फेब्रुवारीत गोंधळ झाला तो वेगळाच. लंडनच्या तारांगणात पत्रकारांना अल्बम ऐकवायचा कार्यक्रम होता. चार स्पीकरांसाठीचं क्वाड्राफोनिक मिक्स तयार नव्हतं, म्हणून बँडमधले रिचर्ड राइट सोडून बाकीचे तिघे आलेच नाहीत. त्यांच्या जागी पुठ्ठ्याच्या आकृत्या उभ्या केल्या होत्या.

आणि श्रोत्यांचं म्हणाल तर त्यांना हा अल्बम रेकॉर्ड निघायच्या वर्षभर आधीपासून माहीत होता. जानेवारी १९७२ मध्ये ब्रायटनला पहिल्यांदा वाजवायला घेतला, ‘मनी’ चालू असताना यंत्रणा बिघडली आणि तो तिथेच सोडावा लागला. फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरात पूर्ण वाजवला. लोकांसमोर वाजवून वाजवून घासलेलं संगीत आहे हे, स्टुडिओत बसून एकदम सुचलेलं नाही.

मेघना, मी डिसेंबरात पुण्याला येतोय. तोवर थांबणार असशील तर इथून, इंग्लंडातून, रेकॉर्ड आणतो. हँडबॅगेत कपड्यांच्या मधे उभी ठेवली की काही होत नाही.

ऑरेंजसिटी
बरं, समीक्षकांचं मागे घेतो. पण ब्रिटनमध्ये तेव्हा पहिल्या क्रमांकावर तरी होता ना?

रेडिंगकर
नाही. १९७३ मध्ये दुसऱ्यापर्यंतच गेला. अमेरिकेत पहिला आला, तोही एकच आठवडा. टिकला मात्र वर्षानुवर्षं.

बापू_सांगली
पोरीनं विचारलंय काय आणि चाललंय काय. मेघना, आधी प्लेयरचं बघ. माझ्या थोरल्या भावानं अमेरिकेतून येताना चांगला भारीतला प्लेयर आणला. ११० व्होल्टचा, म्हणून ट्रान्सफॉर्मर लावला. हीच रेकॉर्ड लावली, तर गाणारा अगदी झोपेत गातोय असा आवाज. आम्ही रेकॉर्ड वितळली म्हणून दुकानदाराशी भांडून आलो. नंतर कळलं, ती मोटर ६० हर्ट्झची. आपली वीज ५० ची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ३३ च्या जागी २८ च्या आसपास फिरत होती. शेवटी लेथवर मोटरची पुली करून घेतली, व्यास मूळच्यापेक्षा २० टक्के जास्त, तेव्हा कुठं सूर जागेवर आला. तीच पुली आजतागायत चालू आहे.

तुझा प्लेयर इथलाच दिसतोय, तुला हा त्रास नाही. पण कुणाला बाहेरून आणायला सांगत असशील तर मोटर बघून घे.

कर्वेनगरकर
बापूकाका, ती रेकॉर्ड आणतेय, प्लेयर नाही.

बापू_सांगली
माहीत आहे. पुढं कुणी वाचेल त्याला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

मी_गिरगावकर
मी जरा घाबरत घाबरत लिहितो, कारण तबकडीप्रेमी रागावतील. या अल्बमची भारतीय प्रतही निघाली होती, ग्रामोफोन कंपनीच्या कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातली. तेव्हा परदेशी रेकॉर्ड आणणं म्हणजे कुणीतरी विमानाने यायला हवं, नाहीतर बोटीवर नोकरीला हवं. आमच्या चाळीत जी होती ती दमदमचीच. होस्टेलवर मेघनाच्या बाबांनी ऐकली तीही तीच असण्याची शक्यता बरीच आहे. मुंबईत जुन्या रेकॉर्डवाल्यांकडे अधूनमधून येते. र्‍हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ ला बंद झालं, पण फोर्टातल्या फुटपाथवर आणि चोर बाजारात अजून चाळता येतं. दोन हजारांच्या आत मिळू शकेल.

तबकडीप्रेमी
रागावलो नाही, पण कळकळीने सांगतो, नको. मी दोन घेतल्या, दोन्ही विकल्या. पन्नास वर्षांत त्यांच्यावरून कसल्या कसल्या सुया गेल्यात याचा हिशेब नाही. आणि हा अल्बम सुरूच होतो अगदी हळू आवाजाने. खरखर असेल तर ती धडधडीच्या आधी ऐकू येते. भेट म्हणून तरी नको.

बेल्ट_ड्राइव्ह
तबकडीप्रेमींशी सहमत. २०१६.

तरीही जुनी घ्यायचीच असेल तर पृष्ठभागाच्या चकाकीवर जाऊ नका. दुकानात वाजवून घ्या, आणि सुरुवात नव्हे, शेवट वाजवून घ्या. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं मधोमध लावा. तिथे आवाज चिरका, फाटका येत असेल तर खोबण जड सुईने कापली गेलीय, ती कशानेही सुधारत नाही. टिक् टिक् येत असेल तर ते बरं, ते बरेचदा धुळीचं असतं. डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, खोबणीच्या दिशेने पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं.

ऑरेंजसिटी
पन्नास वर्षांची आवृत्ती कुणीच सुचवली नाही. माझ्याकडे आहे, छान वाजते. ३,८०० ला घेतली.

कर्वेनगरकर
बजेट तीन हजार आहे.

मेघना_नाशिक (पाच आठवड्यांनी)
सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा कळवतेय, सॉरी.

दमदमची घेतली. १,८०० ला.

२०१६ ची घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. ऑफिसच्या कामाला मुंबईत गेले होते, सहज एका जुन्या रेकॉर्डवाल्या काकांकडे डोकावले, तर पुढ्यातच होती. बेल्ट_ड्राइव्ह यांनी सांगितलं तसं ‘ग्रेट गिग’ मधून लावायला सांगितलं. काका म्हणाले, “सगळे पहिलं गाणं लावायला सांगतात.” आवाज फाटला नाही. वरच्या सुरात किंचित कड येते, पण फाटत नाही. मग ‘टाइम’ लावलं. तिथे एक ओरखडा आहे, प्रत्येक फेऱ्याला एकदा टिक्, साधारण अर्धा मिनिट. घड्याळांच्या आधीच्या शांत भागात नाही, पुढे गिटार सोलोत आहे. पाकिटाची पाठ मळलीय, आत पोस्टर नाही. आतल्या घडीत इंद्रधनुष्याच्या पट्ट्यांतल्या हिरव्या पट्टीची हृदयाच्या ठोक्यांची रेघ झालीय, त्या रेघेवर कुणीतरी निळ्या शाईत १९७८ आणि एका होस्टेलच्या खोलीचा नंबर लिहिलाय. बाबांच्या होस्टेलचा नाही. तरी मला ती सोडवेना.

कोन तपासला, बराच चुकलेला होता. डिस्टिल्ड वॉटरने दोनदा पुसली, सुरुवातीची खरखर पुष्कळ कमी झाली. पूर्ण गेली नाही.

वाढदिवसाला सकाळी लावली. बाबांनी आधी लेबल वाचलं, दमदम बघून म्हणाले, “हीच. देशपांड्याकडे हीच होती.” पहिली बाजू संपली, सुई लेबलजवळ फिरत राहिली आणि बाबा तसेच बसून राहिले. मला वाटलं भरून आलं. तर म्हणाले, “नाणी कुठायत?” अनघाताई, तुमचं अगदी खरं निघालं. आता बाजू बदलायला मी उठते, मी घरी नसले की आई उठते. काल दोघांनी मिळून तीनदा ऐकली.

एक विचारायचं होतं. पाकिटाची वरची शिवण सुटलीय. कशाने चिकटवू?

मी_गिरगावकर
फार छान वाटलं वाचून! खळ लावा घरची, मैद्याची. पुस्तकं आम्ही तशीच चिकटवायचो.

बेल्ट_ड्राइव्ह
खळ नको, झुरळं येतात. पांढरा गोंद, बोटावर अगदी थोडा, आतून कागदाची पट्टी. रेकॉर्ड बाहेर काढून ठेवा आणि रात्रभर वर जाड पुस्तक ठेवा.

तबकडीप्रेमी
पारदर्शक चिकटपट्टी मात्र लावू नका. दहा वर्षांत पिवळी पडते आणि काढताना चित्र घेऊन येते. माझ्याकडे जादा पोस्टर आहे, मूळचं नाही, नंतरच्या छपाईतलं. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, पाठवून देतो.