'गीबत'ला मराठीत काय म्हणाल?

शाईपेन
मंडळी, एका उर्दू लेखाचं मराठी करतोय. मुसलमान बातमीदाराने धर्माच्या हिशोबाने काय पाळायचं, असा विषय आहे. पहिल्याच पानावर अडकलो. 'गीबत'ला आधी निंदा लिहिलं, मग खोडून चहाडी लिहिलं, तेही खोडलं. सुचवा काहीतरी.

खडीसाखर
निंदाच की सरळ, परनिंदा. एवढं काय त्यात.

बंदरावरचा
नाही हो ताई, निंदा नाही चालणार. आम्ही रत्नागिरीकडचे, घरात लहानपणापासून ऐकलेला शब्द आहे हा. सहीह मुस्लिम या संग्रहात हदीस आहे, म्हणजे पैगंबरांचं वचन, पैगंबरांनी सोबत्यांना विचारलं गीबत म्हणजे काय माहितीय का, आणि मग स्वतःच सांगितलं की आपल्या भावाबद्दल त्याला आवडणार नाही असं बोलणं. त्यावर एकाने विचारलं, पण ते त्याच्यात खरंच असेल तर? तर उत्तर आलं, खरं असेल तर ती गीबत, आणि नसेल तर ते बुहतान, म्हणजे खोटा आळ. म्हणजे खरं असणं ही सुटका नाहीच, उलट खरं असेल तरच गीबत. निंदा खोटीपण असते आणि तोंडावरपण होते, म्हणून तर आपल्याकडे निंदकाचं घर शेजारी असावं म्हणतात ना. चहाडी तर आणखीनच वेगळी, इकडचं तिकडे नेऊन भांडण लावायचं, त्याला अरबीत नमीमा आणि उर्दूत चुगली.

शाईपेन
अरे बापरे. मग बातमीदाराने करायचं काय? आमच्या डेस्कवर एकच मंत्र असायचा, खरंय ना, मग जाऊ दे पानात. मी नवीन असताना एका माणसाने विहिरीत उडी घेतली त्याची बातमी आली, त्यात त्याची उधारी, घरातली भांडणं, सगळं छापलं, एक शब्द खोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याचा भाऊ येऊन रिसेप्शनच्या बाकावर बसून राहिला, काही बोलला पण नाही. आता वाटतं ही तीच गीबत असावी.

कायद्याचा कीस
आपल्या कायद्यातही नुसतं खरं असून भागत नाही बरं का. बदनामीच्या फौजदारी कलमात (जुनं ४९९, आता न्याय संहितेचं ३५६) पहिला अपवाद आहे तो खरं *आणि* लोकहिताचं असेल तर. दुसरा भाग सगळे सोयीस्कर विसरतात.

बंदरावरचा
अगदी तसंच इकडे आहे. १३ व्या शतकातले इमाम नववी, सीरियातले, त्यांनी 'रियाझुस्सालिहीन'मध्ये सहा सवलती सांगितल्यात. अन्याय झालेला दाद मागतोय, वाईट काम थांबवायला मदत हवीय, फतवा विचारायचाय, लोकांना सावध करायचंय, समोरचा उघड उघडच गैर वागतोय (तेव्हा तेवढ्याच गोष्टीपुरतं), आणि शेवटची म्हणजे टोपणनावाशिवाय ओळखच पटत नाही. घोटाळ्याची बातमी चौथ्यात सहज बसते. विहिरीवाली कशातच नाही बसत. आणि गंमत बघा, हदीस सांगणारा माणूस खोटारडा आहे की विसराळू हे जाहीर सांगणं तर त्या अभ्यासात कर्तव्यच मानलं, त्याला म्हणतात जरह, मूळ अर्थ जखम करणं. कोर्टातली उर्दू 'जिरह' त्यातलीच.

शाईपेन
म्हणजे आपली उलटतपासणी! मस्त. बरं, 'तबय्युन'ला शहानिशा लिहिलंय, चालेल ना?

बंदरावरचा
पळेल. कुरआनात हुजुरात सूरेची ६ वी आयत, कोणी फासिक, म्हणजे धर्माचे नियम मोडणारा माणूस, बातमी घेऊन आला तर तबय्युन करा, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल. शहानिशा फिट्ट आहे. फक्त दुसऱ्या एका पाठात तिथे 'तसब्बुत' वाचतात, म्हणजे पक्कं होईस्तोवर थांबा. ब्रेकिंगवाल्यांना हा जास्त लागेल :)

खडीसाखर
'तजस्सुस'पण आलं असेल ना लेखात? आपला पेशवाईतला जासूद त्याच धातूचा. पण जासूद पत्रंपण पोचवायचा, आणि तजस्सुस म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणं, त्याच सूरेत १२ व्या आयतीत मनाई आहे. गीबतीची मनाईपण तिथेच, मेलेल्या भावाचं मांस खाण्याची उपमा देऊन. आणि हो, निंदा मागे घेते मी. 'उणीदुणी' कसं वाटतं? पाठीमागे उणीदुणी काढणं. उणं म्हणजे असलेलीच कमतरता, नसलेली नाही.

शाईपेन
ताई, जमलं!! गीबत तसाच ठेवतो आणि पहिल्यांदा येईल तिथे हे जोडतो. आता शेवटचा, 'अमानत'. लेखात सोर्सने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीला अमानत म्हटलंय. ठेव लिहू?

खडीसाखर
अनामत लिहा की, तोच शब्द आहे, मराठीत येताना अक्षरं उलटीपालटी झाली.

शाईपेन
नको हो, अनामत म्हटलं की लोकांना निवडणुकीत जप्त झालेलीच आठवते.

बंदरावरचा
ठेवच बरी. त्यावरपण हदीस आहे बघा, तिरमिझी आणि अबू दाऊद या दोन्ही संग्रहांत. माणूस एखादी गोष्ट बोलला आणि मग मागे वळून बघितलं, तर ती अमानत. 'छापू नका' वगैरे म्हणायची गरजच नाही, वळून बघितलं एवढं पुरे.

शाईपेन
मंत्रालयाच्या कँटीनमध्ये सगळे असेच बोलतात राव. ठेव लिहितो.